तेविसावा पॅच

"पण सर, गिट घ्यावं, मर्क्युरिअल घ्यावं, की तुमचं जुनं क्विल्टच चालू ठेवावं?"

कोडमधले बदल सांभाळायचं साधन कोणतं घ्यावं, हे स्वरदाने तिसऱ्यांदा विचारलं. अच्युत नेरूरकरांनी खिडकीबाहेरची नजर आत वळवली.

कुडाळच्या त्या घरात ते एकटेच राहत. अंधांना संगणकावरचं मराठी वाचून दाखवणारं एक पॅकेज त्यांनी एकोणीस वर्षं सांभाळलं होतं. मूळ पॅकेज परदेशातून येई. दर नव्या आवृत्तीवर ते आपले एकेचाळीस पॅच, म्हणजे दुरुस्तीची ठिगळं, पुन्हा बसवत. आता बोटं थरथरत. काम स्वरदाकडे जायचं होतं.

"तू काय ठरवलंस?"

"गिट. तुमचा होकार गृहीत धरून सकाळीच सगळे पॅच त्यात हलवलेसुद्धा. तीन तासांत!"

"तेविसावा दाखव."

तिने उघडला. दोन ओळींचा बदल. वर एवढंच लिहिलेलं : पॅच २३.

"हा कशासाठी आहे?"

स्वरदाने पॅच वरखाली सरकवून पाहिला.

"प्रत्येक पॅचवर तुमची लांबलचक टिपणं होती, सर. ती मी गाळली. कोडला त्यांची गरज नव्हती."

सर रागावले नाहीत. डोळे मिटून बोलू लागले.

"भडगावच्या द्वारकाबाई. नातू दुबईला. त्याच्या मेल त्या संगणकाकडून ऐकायच्या. नातवाचं नाव यज्ञेश, आणि संगणक हिंदीसारखं म्हणायचा यग्येश. बाईंचा फोन आला... 'दादा, तुमचं यंत्र माझ्या नातवाला परका करतंय हो.'"

"आता कशा आहेत त्या?"

"गेल्या."



"सर... ही टिपणं एवढ्या वर्षांत कुणी वाचली?"

"कुणीच नाही."

"तरी लिहीत राहिलात?"

सर उठले. भिंतीकडची दुसरी खुर्ची त्यांनी ओढत टेबलापाशी आणली. तिच्यावर धुळीचा जाड थर होता. तो त्यांनी पंच्याने सावकाश पुसला.

 सकाळचं सगळं काम तिने पुसून टाकलं आणि सरांचा टिपणांसकटचा जुना फोल्डर उघडला.

"आणि... साधन कोणतं घेऊ?" आता तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

सर त्या पुसलेल्या खुर्चीत तिच्या शेजारी टेकले.

"पहिल्या टिपणापासून वाच. मोठ्यानं."