खिडकीचा उंची रंग

मिरजेत आमचे एक गुंडोपंत होते. मी चौथीत शाळा सोडली, ते वकिली शिकले; पण थापा मारण्यात दोघेही पहिल्या नंबरचे! त्यांच्या जुन्या घरात शोभना भाड्यानं राहायची. खिडकीच्या हिरव्या ऑइलपेंटचे पोपडे गळायचे आणि तिचा दीड वर्षाचा मुकुल ते वेचून चघळायचा. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर त्यात रंगातलं विषारी शिसं! "आधी तो रंग काढून घ्या. काम मालकाचं आहे," त्यांनी बजावलं.

शोभनानं सांगितल्यावर पंत म्हणाले, "अगं, आजोबांनी लावलेला उंची रंग तो! काही होत नाही त्यानं. तू पोराला आवर."

संक्रांतीनंतर पंतांच्या राहत्या घरी नातवाचं बोरन्हाण होतं. हलव्याचे दागिने घालून बाळ पाटावर बसलं. बायका त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे ओतत होत्या, मुकुलसकट पोरं वेचून खात होती. शोभनाची पाळी आली. तिनं वाटीवरचा रुमाल काढला. आत हिरवे पोपडे!

"थांब!" पंत पाटासमोर आडवे आले. "पोरं तोंडात घालतील ना!"

वाटी छातीशी धरून शोभना म्हणाली, "मी नाही ओतणार, काका. पण तुमच्या खिडकीखाली माझ्या मुकुलचं हेच बोरन्हाण रोज होतं. ते कोण थांबवणार?"

पंत वकिली सुरू करणार, तोच त्यांच्या बायकोनं, माईंनी, मुकुलला उचलून कडेवर घेतलं.

"रंग निघेपर्यंत हे मायलेक इथं राहतील," त्या पंतांना म्हणाल्या. "तुम्ही जा तिकडे, त्या उंची रंगाखाली झोपायला!"