डोंगराच्या ओटीची कहाणी

ऐका वनाईदेवी, तुमची कहाणी. डोंगराच्या पायथ्याशी एक आटपाट नगर, अन् डोंगरावर भिवराईचं खोपट. भिवराईला एकच लेक, ठकू. तिची पाठवणी आली, तर घरात नारळ नाही, तांदूळ नाहीत. मग भिवराईनं रानातलं बी वेचलं. ऐनाचं घेतलं, बेहड्याचं घेतलं, करवंदीचं घेतलं, अन् लेकीची ओटी भरली. वऱ्हाडणी हसल्या, "अगंबाई, ओटीत रानचा कचरा!"

पुढं राजाला महालाची हौस आली. डोंगरावरचं सारं रान तोडलं. मग उघड्या डोंगराची लाज वाटली, परमुलखीचं बी आणून पेरलं. झाडं भराभरा वाढली. पण शेळी तोंड लावीना, पाखरू बसेना, झरा वाहीना. माणसं उठून गेली. भिवराई एकटी उरली.

झऱ्याला म्हणाली, "बाबा, बोलत का नाहीस?" "मला धरणारी मुळं गेली, बाई." वाऱ्याला विचारलं. "माझी पानं गेली, बाई." मग वनाईच्या पायांशी बसली. "माय, तू तरी बोल."

वनाई म्हणाली, "जिथलं बी तिथं दे. मृगाच्या आदल्या दिवशी डोंगराची ओटी भर."

"बी उरलंय कुठं, माय?"

"लेकीच्या ओटीत."

जुनी माणसं सांगत, दिली ओटी मागू नये, मागितली तर लेकीचं वाईट होतं. तरी गेली. लेकीच्या सासरी ओसरीच्या कडेला बसली.

ठकू म्हणाली, "आई, इतक्या वर्षांनी आलीस अन् परक्यावानी बसलीस?"

"तुला बघायला आले हो," म्हणाली अन् उठली. परसातून निघाली, पाहते तो ऐन, बेहडा, करवंदीची जाळी!

मागून ठकू म्हणाली, "सासूबाई म्हणाल्या, फेकून दे. मी पुरलं. माहेर आठवलं की यांच्याशीच बोलते. आपला डोंगर कसा आहे गं?"

"हिरवा आहे. पण आपला नाही."

लेकीनं ओळखलं. "आई, तू मागू नकोस. तू दिलेलं तर कधीच रुजलं. हे नवं बी माझं आहे. माहेराची ओटी लेकीनं भरू नये, असं कुणी सांगितलंय?"

मग पदरभर बी घेतलं. मृगाच्या आदल्या दिवशी मायलेकींनी डोंगराची ओटी भरली. ठकू सासरी गेली. भिवराई पुन्हा एकटी. परकं उपटी, आपलं राखी. केस पांढरे झाले, पाठ वाकली, वसा सोडला नाही.

एके सकाळी झऱ्याच्या दगडाखालून हाक आली, "भिवराई, आहेस का गं?"

"आहे रे बाबा. तुझीच वाट बघत होते."

भिवराईला सोबत मिळाली, तशी तुम्हांआम्हां एकट्यांना मिळो. लेकींना माहेरी सावली मिळो. साठा बोलांची कहाणी पाचा बोलांत सांगितली, रुजली, फळली, संपूर्ण झाली.