दिवसभर टिकणारे अत्तर

नदीकाठच्या एका पेठेत एकदा एक वृद्ध अत्तरकार राहत असे. फुलांचा अर्क काढण्याची विद्या त्याच्या घरात चार पिढ्यांची होती. पण त्याची ख्याती होती ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. कोणत्या माणसाला कोणता गंध शोभेल, हे तो जितके अचूक सांगे तितके त्या पंचक्रोशीत कुणालाच सांगता येत नसे. नवरदेव येत, वैद्य येत, दरबारी कामाला निघालेले कारकून येत. म्हातारा त्यांच्या मनगटावर अत्तरात भिजवलेला कापसाचा फाया टेकवी, दोन-चार प्रश्न विचारी आणि म्हणे, "हे लावा. उद्या मी घरी येऊन जाईन." दुसऱ्या दिवशी तो खरोखरच काठी टेकत त्या माणसाच्या घरी जाई, ओसरीवर बसून घरच्यांशी बोले आणि परत येई.

त्याच्यापाशी एक शिष्य नऊ वर्षे शिकत होता. वय तिशीकडे झुकलेले, हात स्थिर, नाक तीक्ष्ण. भट्टीवरचा हंडा कधी उतरवायचा, चंदनाचे तेल किती मुरू द्यायचे, कोणती कुपी उन्हात खराब होते, हे सारे त्याला आले होते. राहिले होते एकच काम, गिऱ्हाइकाला गंध निवडून देण्याचे. ते गुरूने अजून त्याच्या हाती सोपवले नव्हते. गुरूचे ते घरोघर जाणे शिष्याला म्हातारपणाची करमणूक वाटे. आपल्याला संधी मिळाली तर दुकानाची पायरी न उतरता आपण हे काम करून दाखवू, असे त्याने मनाशी पक्के केले होते.

एके दिवशी लाकडाचा एक मोठा व्यापारी दुकानात आला. बसताच म्हणाला, "बाबा, गावानं मला पंचांत घेतलंय. आता रोज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चावडीवर बसायचं. माझा जन्म वखारीत गेला. अंगाला कायम सागाचा भुसा आणि घाम. चार प्रतिष्ठित माणसांत बसायचं, तर असं अत्तर द्या, की सकाळी लावलं ते संध्याकाळपर्यंत उतरता कामा नये."

शिष्य पुढे झाला. "गुरुजी, हे काम मला द्या."

"घे," गुरू म्हणाला. "पण घेतलंस तर शेवटापर्यंत ने."

शिष्याने मोगरा-गुलाबाच्या कुप्यांना हातही लावला नाही. फुलांचा गंध दुपारपर्यंत थकतो आणि लाकडाचा, मुळांचा गंध अंगात रेंगाळतो, हे त्याला ठाऊक होते. त्याने चंदनात वाळा मिसळला. स्नान झाल्यावर, अंग अजून ऊबदार असताना, कानामागे आणि कोपराच्या आतल्या बाजूला लावा, असे बजावून त्याने कुपी दिली. व्यापारी खूश होऊन गेला.

चौथ्या दिवशी तो परत आला. "जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं उडून जातं," तो म्हणाला.

शिष्याने त्यात अगरू घातला. आठ दिवसांनी व्यापारी पुन्हा दारात उभा. "हेही टिकत नाही. मी आता दिवसातून तीनदा लावतो."

मग शिष्याने हिना घातली, त्यावर कस्तुरीचा अंश घातला. रात्रंदिवस त्याला तोच ध्यास लागला. इतर कामे त्याने बाजूला ठेवली. हा माणूस 'टिकलं' असे म्हणेपर्यंत दुसऱ्या कुपीला हात लावायचा नाही, असा त्याने निश्चय केला. पण व्यापारी चौथ्यांदा आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"माझा एक बालमित्र आहे," तो म्हणाला, "धान्याचा आडत्या. तोही पंचांत आहे. पहिल्या दिवशी मांडीला मांडी लावून बसला होता. आता दोन आसनं सोडून बसतो. माझ्या अंगाला भुशाचा वास येत असणार. आणखी काही जहाल असेल तर द्या."

व्यापारी गेल्यावर गुरूने एवढेच विचारले, "तू त्यांच्या घरी जाऊन आलास का?"

"घरी जाऊन काय कळणार, गुरुजी? गंध कळतो तो नाकाला."

गुरू काठी घेऊन दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या घरी निघून गेला.

त्यानंतर दोन दिवसांनी गुलाबांच्या चाळीस टोपल्या आल्या. पहाटेच हंडा भट्टीवर चढला. गुरू विस्तवापाशी बसला आणि शिष्य तेलाचे बुधले विसळायला घाटावर गेला. घाटावरून वर येताना त्याला करपल्याचा उग्र वास आला. तो धावत सुटला. पाहतो तो गुरू शांतपणे विस्तव सारखा करत बसलेला, आणि हंड्याच्या पलीकडच्या, त्याला न दिसणाऱ्या सांध्यातून काळसर धूर निघत होता. शिष्याने हंडा खाली ओढला. पाणी आटून गेले होते, पाकळ्या तळाला चिकटून कोळसा झाल्या होत्या.

"गुरुजी, तुम्ही इथेच बसला होतात."

"होतो."

"वास घाटापर्यंत आला."

म्हाताऱ्याने हातातला चिमटा खाली ठेवला. "आला असेल. मला येत नाही."

शिष्याला वाटले, आपण चुकीचे ऐकले.

"सहा वर्षं झाली," गुरू म्हणाला. "मला तो मोठा ज्वर आला होता, आठवतं? ज्वर उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. तेव्हापासून गुलाब आणि राख मला सारखेच."

शिष्याच्या डोळ्यांसमोर सहा वर्षे उभी राहिली. गुरू प्रत्येक कुपी नाकाशी नेई आणि मग त्याच्यापुढे धरून म्हणे, 'सांग, कसं आहे?' आपली परीक्षा घेतली जाते आहे, असे समजून शिष्य दर वेळी काळजीपूर्वक उत्तर देत आला होता. ती परीक्षा नव्हती, हे आता त्याला कळले, आणि त्याचा संताप अनावर झाला.

"म्हणजे सहा वर्षं तुम्ही लोकांना फसवत आलात. ज्याला वासच येत नाही, तो दुसऱ्याला गंध निवडून देतो. मी आजच निघतो."

"पहिले सहा महिने फसवलं," गुरू म्हणाला. त्याच्या आवाजात सारवासारव नव्हती. "एका नवरदेवाला मी तुला न दाखवताच खवट झालेली कुपी दिली. वरातीत लोक नाकाला पदर लावून चालत होते. ते मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं, कारण नवरदेवाला स्वतःला काही जाणवलंच नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं, एक तर दुकान बंद करायचं, नाही तर लोकांना विचारायला शिकायचं. त्यानंतर कुणाच्या घरी जाऊन विचारल्याशिवाय मी निवड पक्की केलेली नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली," म्हातारा म्हणाला. "तुझ्यापुढे तर जास्तच." मग तो काठी घेऊन उठला. "जायचं तर जा, मी अडवणार नाही. पण एक काम तू अंगावर घेतलं आहेस, ते पुरं करून जा. व्यापारी आता जेवायला घरी आले असतील. चल."

शिष्य रागातच निघाला. पण काम अर्धे सोडून जाणे त्याच्या स्वभावात नव्हते.

व्यापाऱ्याचे पान वाढलेले होते. दोघांना पाहून तो लगबगीने उठला. "नवं अत्तर आणलंत?"

"नाही," गुरू म्हणाला. "शेठजी, बाईंना एक प्रश्न विचारायची परवानगी द्या. तुमच्यासमोरच विचारतो."

व्यापाऱ्याची पत्नी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई," गुरूने विचारले, "शेठजींनी सकाळी लावलेलं अत्तर केव्हा उतरतं?"

तिने आधी नवऱ्याकडे पाहिले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "उतरतच नाही."

"काय म्हणतेस?" व्यापारी म्हणाला.

"खरं तेच सांगते. परवाच्या अंगरख्याला अजून वास येतो. परटीण तुमचे कपडे वेगळ्या पाण्यात धुते. तुमचं पान वाढलं, की मी मागच्या पडवीत जाऊन बसते. इथं बसवत नाही, कपाळ धरतं."

"कधी बोलली नाहीस."

"आरशापुढे उभं राहून इतक्या उमेदीनं लावता. म्हटलं, नवा मान मिळालाय, थोडे दिवस चालेल."

व्यापारी खाली बसला. वाढलेल्या पानाकडे पाहत तो म्हणाला, "म्हणजे तो माझा मित्र..." आणि वाक्य त्याने तिथेच सोडले.

शिष्य खिळल्यासारखा उभा होता. त्या तिन्ही कुप्या त्याच्या हातच्या होत्या. त्याचे नाक शाबूत होते. पण व्यापाऱ्याचा गंध त्याने नेहमी दुकानात, शंभर कुप्यांच्या मध्ये बसून घेतला होता. जिथे तो माणूस जगत होता, त्या घराची पायरी तो आज पहिल्यांदा चढला होता. आणि इथे, भाताच्या वाफेशेजारी, कस्तुरी आणि हिना इतकी दाटली होती, की त्याचाच श्वास कोंडला.

गुरू म्हणाला, "शेठजी, ज्याच्या अंगावर गंध असतो, त्याचं नाक थोड्याच वेळात त्याला सरावतं. गंध कुठे जात नाही; आपलं नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. तुमचं नाक आणि माझं नाक आज सारखंच आहे. माझं गेलंय हे मला ठाऊक आहे, म्हणून मी दारोदार विचारतो. तुमचं थकलंय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून तुम्ही ओतत राहिलात." मग तो शिष्याकडे वळला. "आणि तू मिसळत राहिलास."

दुकानापाशी आल्यावर शिष्य म्हणाला, "मी आठ दिवस थांबतो. काम पुरं व्हायचंय."

त्याने व्यापाऱ्याला आठ दिवस काहीच न लावता चावडीवर जायला सांगितले. व्यापाऱ्याच्या जिवावर आले, पण तो गेला. शिष्यही रोज जाऊन चावडीच्या कडेला बसू लागला. पाचव्या दिवशी धान्याचा आडत्या आपले आसन उचलून मित्राशेजारी येऊन बसला. सभा संपल्यावर शिष्याने त्याला गाठले.

"एक विचारू? शेठजींच्या अंगाला भुशाचा वास येतो का?"

"येतो की," आडत्या म्हणाला. "सागाचा. चांगला असतो तो. लहानपणी आम्ही त्याच भुशाच्या ढिगावर उड्या मारल्या आहेत. मधे त्यानं काय लावायला घेतलं होतं कोण जाणे. मला शिंका यायच्या. पंचच शिंकत बसले, तर लोकांचं गाऱ्हाणं ऐकायचं कुणी?"

शिष्य हसला. दुकानात येऊन त्याने पुन्हा पहिलीच कुपी उतरवली, चंदन आणि वाळ्याची. सागाच्या गंधाला हीच जवळची होती. पण या वेळी त्याने व्यापाऱ्याला सांगितले, "कानामागे नको, कोपरालाही नको. उपरण्याच्या टोकाला एकदाच फाया टेकवा. कापडावर ते सावकाश उतरेल. आणि उद्या मी घरी येऊन जाईन."

गुरू गादीवर बसून ऐकत होता. त्याने मान वर केली नाही. हातातली कुपी मात्र थोडा वेळ तशीच धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी शिष्य गेला तेव्हा व्यापाऱ्याची पत्नी जेवण वाढून तिथेच पंखा घेऊन बसली होती. व्यापारी जेवून उठला, उपरणे खांद्यावर टाकले आणि दाराशी थबकला. त्याने उपरण्याचे टोक नाकाशी नेले.

"मला तर काहीच येत नाही," तो शिष्याला म्हणाला. त्याचा हात कोनाड्यातल्या कुपीकडे गेला. शिष्याने त्याला अडवले नाही. हात कुपीपाशी जाऊन थांबला. मग व्यापाऱ्याने मागे वळून पत्नीला विचारले, "आहे का गं?"

"आहे," ती म्हणाली.

त्याने हात मागे घेतला आणि तो चावडीकडे निघून गेला. शिष्य थोडा वेळ ओसरीवरच बसून राहिला. दिवेलागणीला व्यापारी घरी परतेल तेव्हाही हाच प्रश्न त्या बाईला विचारायला आपण पुन्हा येऊ, असे त्याने ठरवले. आणि गाव सोडून जायचा विचार त्याच्या मनात उरला नाही.

आपल्या अंगी जे मुरले आहे, ते बरे की वाईट, पुरेसे की फार, हे आपल्याला एका मर्यादेनंतर कळेनासे होते. तेव्हा आणखी ओतण्याआधी जवळच्या माणसाला विचारावे, आणि त्याचे उत्तर ऐकून हात आवरावा.