तिखटाची कोठी

तिखटाच्या कोठीची खरी गोष्ट पंचक्रोशीत आपल्या एकट्यालाच ठाऊक, असं नामा गुरव पाहुण्यांना छाती काढून सांगतो. मग स्वतःच म्हणतो, "म्हाताऱ्या कोंडाबाईला जास्त ठाऊक होती. ती गेली, म्हणून माझा नंबर लागला."

कोठी म्हणजे जोगाईच्या देवळामागची बिनखिडकीची दगडी खोली. घरोघरच्या तिखटाच्या बरण्या काळ्या फडक्यानं तोंडं बांधून तिथं अंधारात बसलेल्या असतात.

सांगतात, की फार मागं गावात चिमणा नावाची सून होती. जत्रेला प्रत्येक घरानं देवीपुढं मूठभर लालभडक तिखट ठेवायचं. ज्याचं फिकं निघेल, ते घर वाळीत. चिमणाची सासू त्याच साली वारली. सासू असताना तिखटाला तेलाचा हात लागायचा, हिंगाचा खडा पडायचा, बरणी माचाखालच्या अंधारात जायची. चिमणानं तेल वाचवलं, आणि शेजारणी जळाव्यात म्हणून तिखट परातीत पसरून उन्हाच्या खिडकीशी मांडलं.

आठ दिवसांत लाल विटकरी झालं, मग वाळल्या गवतासारखं. वजन तेवढंच, जिभेला झणका तोच. लाली तेवढी कुणीतरी नेत होतं. आणि घरात फुलांचा मंद वास येऊ लागला, सासूच्या लुगड्यांच्या पेटीला यायचा तसा. सासूच लाली नेतेय, असं चिमणानं धरलं. भर दुपारी दार लावून ती परातीसमोर बसली.

"आत्याबाई, जत्रा चार दिवसांवर आलीय. घर वाळीत पडंल. नेऊ नका."

खिडकीतून उत्तर आलं म्हणे. "मी कशाला नेऊ गं? ऊन आणि वारा तूच जेवायला बसवलेस. लाली ते खातात. मागं वास उरतो, त्यावर मी भागवते."

चिमणानं वरचा फिका थर सारला. तळाशी मूठभर लाल शिल्लक होतं. तेल चोळून, फडकं बांधून ती या अंधाऱ्या खोलीकडं पळाली. ती मूठ देवीला चालली, घर वाचलं. गेलेली लाली मात्र परतली नाही.

आजही नवी सून बरणी कोठीत ठेवण्याआधी गेलेल्यांच्या नावानं चिमूटभर तिखट घरच्या खिडकीत ठेवते. ते पांढुरकं पडलं, की म्हणतात, "जेवले."

"ताई, तुमचं तिखट काचेच्या बरणीत, खिडकीपाशीच असणार," सांगलीहून आलेल्या बाईंना नामानं डिवचलं. "शहरातल्या भुतांची चैन आहे."

"खिडकीपाशीच असतं. फिकंही पडतं," बाई म्हणाल्या. "पण गुरवमामा, आमच्या घरातलं अजून कुणीच गेलेलं नाही. मग आमच्याकडं जेवतं कोण?"