त्याला काय लागतं

"सर, तुम्ही जरा लांब उभे राहाल का?"

बोलून गेल्यावर शार्दूलने जीभ चावली. हिंगमिरे सर त्याचे गुरू. चिमटा कसा धरायचा इथपासून त्यांनीच शिकवलेलं.

सर प्रयोगशाळेच्या दाराशी गेले.

शार्दूल विद्यापीठात पहिला आलेला. त्यामुळे चूक यंत्राची असे, हवेची असे, शेजारच्याची असे. त्याची म्हणून कधी नसे! पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्राफाइट. ते चिकटपट्टीने सोलत सोलत त्याने एका अणूच्या जाडीचा पापुद्रा काढला होता. ग्राफीन. त्यातून वीज सोडली, की पडद्यावर रेघ सरळ धावायला हवी होती. ती थरथरत राहिली, तर वर्षभराची मेहनत पाण्यात आणि प्रबंधही लटकलेला.

खिडक्या बंद, पंखा बंद. सोबतच्यांनाही त्याने बाहेर पिटाळलं होतं.

"बघा सर, आता कशी सरळ आली!"

सर परत आले. वाकले. चष्म्याची काच पुसण्याआधी सोडतात तसा पापुद्र्यावर हलकेच श्वास सोडला.

हाऽ...

रेघ ताडकन उडाली.

"बिघडवलीत ना!"

"मी फक्त श्वास सोडला."

"तेच तर! रोज हेच होतं. कोणी जवळ आलं, की रेघ..."

शार्दूल थांबला.

मग स्वतःच वाकला. श्वास सोडला. रेघ उडाली, हळूहळू खाली आली. पुन्हा सोडला. पुन्हा उडाली.

"श्वासातली एवढीशी वाफ... तीसुद्धा कळते याला?"

"कोण आलं, कोण गेलं, सगळं सांगतोय बिचारा. तू ते चूक म्हणून खोडत बसलास."

शार्दूलला हसू फुटलं. सोनं हाती घेऊन तो माती म्हणून झटकत होता! त्याने खिडक्या धडाधड उघडल्या. वारा आला, रेघ नाचू लागली आणि त्याला ते फार आवडलं. बघता बघता डोळेच भरून आले. पहिल्या नंबराच्या पोराला हे कसं शोभावं? त्याने घाईघाईने तोंड फिरवलं.

"पण सर, ग्राफीन तर पोलादाहून बळकट म्हणतात. मग त्याला एवढंसं काही झालं तरी लागतं कसं?"

सरांनी खिशातला रुमाल काढून त्याच्या हातात दिला.

"लागत नाही ते बळकट, असं तुला कोणी सांगितलं?"