हैबतीची थंडगार व्हॅन

डोंगरपट्ट्यातल्या एका गावात एक जुनी व्हॅन होती आणि हैबती नावाचा तिचा मालक होता. दोघांतलं लवकर कोण तापतं, यावर गावाचं एकमत नव्हतं. जयवंताबाईंच्या हॅचरीत अंड्यांतून निघालेली कोंबडीची पिल्लं घाटापलीकडच्या पोल्ट्रीवाल्यांना पोचवायची, हा हैबतीचा धंदा. एवढ्याशा पिल्लांना ऊब लागते. म्हणून व्हॅनला हीटर होता. इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरायचं आणि मागच्या खोक्यांवर उबदार वारा यायचा.

एका उन्हाळ्यात व्हॅन घाटात उकळली. गॅरेजवाल्या मुनीरने पाइप सोडवून आतून एक लहानसं पितळी झाकण काढलं.

“हैबतीभाऊ, हा थर्मोस्टॅट. पाणी तापलं की हा उघडतो, मग पाणी रेडिएटरमध्ये गार व्हायला जातं. हा बंदच अडकलाय. नवा बसवतो.”

“नवा कशापायी? पाणी अडवतोय म्हणून काढला, आन् पुन्हा तसलाच बसवायचा? ऱ्हाऊ दे.”

मुनीरने समजावून पाहिलं. पण ऐकेल तो हैबती कसला! थर्मोस्टॅट भंगारात गेला.

व्हॅन तापायची थांबली. उष्णता दाखवणारा काटा तळाला झोपून राहिला. हैबती भेटेल त्याला तो काटा कौतुकाने दाखवायचा. डिझेल जरा जास्त जाऊ लागलं, त्याचं खापर त्याने पंपवाल्यावर फोडलं.

मग थंडी पडली आणि एका खेपेत बरीच पिल्लं मेली. “पिल्लंच नाजूक हुती,” हैबतीने जयवंताबाईंना सांगितलं.

“पुन्हा असं झालं तर मी दुसरी गाडी बघेन,” त्या म्हणाल्या.

हैबती हादरला. हे काम गेलं तर दुसरं कुठून आणणार? पुढच्या खेपेला त्याने पिल्लांवर लक्ष ठेवायला बायकोला, तान्हूबाईला, सोबत घेतलं. तान्हूबाईला प्रश्न विचारायची भारी खोड. घाटाच्या पायथ्याशी तिने मागे वळून पाहिलं. पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून कोपऱ्यात गोळा झाली होती.

“अहो, हीटरचा वारा गार लागतोय.”

“चालू हाय की.”

“चालू हाय, पण गार हाय. इंजिन तापलंय का?”

“तापंल कसं? काटा बघ की, हलत न्हाई!”

“मग ऊब कुठनं यायची?”

तान्हूबाईने गाडी थांबवायला लावली. पुढून येणाऱ्या वाऱ्याने रेडिएटरमधलं पाणी फार गार होतंय, तर वाराच अडवून बघू, असं तिच्या मनात आलं. तिने एका रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडून रेडिएटरपुढे खोचला. थोड्या वेळाने काटा वर सरकला, हीटरचा वारा ऊन झाला. पिल्लं पांगली आणि चिवचिवू लागली. तान्हूबाईला इतका आनंद झाला की ती एकटीच हसत सुटली.

पण चढ लागला, इंजिनावर ताण आला आणि काटा लाल खुणेकडे निघाला. ती उतरली, पुठ्ठा काढला. माथ्यावर गार वारं सुटलं होतं, पिल्लं पुन्हा गोळा झाली. ती उतरली, पुठ्ठा खोचला. साऱ्या घाटात तिचं हेच चाललं होतं. शेवटी तिला धाप लागली.

“अहो, तापलं की काढायचं आन् गार झालं की घालायचं. आधी हे काम कोण करायचं?”

हैबतीचा हात गिअरवरच थांबला.

“त्येलाच मी भंगारात घातला,” तो म्हणाला.

त्या दिवशी सगळी पिल्लं जिवंत पोचली. परतताना हैबतीने मुनीरकडे नवा थर्मोस्टॅट बसवून घेतला आणि तिथून तडक हॅचरी गाठली. कुणी विचारलं नव्हतं, तरी तो जयवंताबाईंपुढे उभा राहिला.

“बाई, मागच्या खेपंची पिल्लं नाजूक नव्हती. ती माझ्यामुळं मेली.”

त्याने सगळी हकीकत सांगितली. जयवंताबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी पुढच्या खेपेची खोकी हैबतीच्याच व्हॅनमध्ये चढवायला सांगितली.

तात्पर्य: आपल्याला अडवणाऱ्याला हाकलून देण्याआधी तो काय सांभाळत होता, हे विचारावं, आणि चूक कळली की ती आपल्याच तोंडाने सांगावी.