विहिरींचा नफा

खडकपूरचे कामगार खडक फोडून तेल काढत. शेजारच्या राजाने आपलं तेल निम्म्या भावात विकायला काढलं. त्याचा दूत दरबारात मिशीला पीळ देत म्हणाला, "महाराज, तुमच्या विहिरी आता तोट्यातच. बुजवून टाका, आमचंच तेल घ्या."

दाराशी उभ्या कामगारांचे चेहरे उतरले.

राणी हेमांगी म्हणाली, "आम्ही बुजवतो. पण नंतरही हाच भाव ठेवाल ना?"

"छे! मग कोण देतंय या भावात!" दूत बोलून गेला.

"म्हणजे आमच्या विहिरी आहेत म्हणून तर तेल स्वस्त मिळतंय. आणखी कसला नफा हवा?"

महाराज हसले. त्यांनी एकाही कामगाराला काढलं नाही. मुकादम धोंडाजी भरल्या डोळ्यांनी राणीपुढे हात जोडून उभा राहिला.

"माझे नकोत, यांचे आभार माना," राणी दूताकडे बघत म्हणाली. "तुमच्या कामाची किंमत यांनीच सांगितली."